शाळा क्रमांक एकचा निकाल

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. तो आत्ताच घेऊन टाक, कारण पुढच्या ओळीपासून भांडण आहे.

सातवी नापास मी कधीच झालो नाही. सातवीच्या परीक्षेला मी बसलोच नव्हतो, आणि जो बसलाच नाही तो नापास कसा होईल, हे भाऊजींना एकदा नीट समजावून सांग. परवा फोनवर तू म्हणालीस, "सातवी नापास माणूस माझ्या मुलीची शाळा ठरवणार," आणि मागून भाऊजी हसले ते मला स्वच्छ ऐकू आलं (त्यांना खोकला झालाय असं तू म्हणशील, पण 'ही ही' असा खोकला मी आजवर ऐकलेला नाही). मी उत्तर देणार तेवढ्यात तू फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्रात मी बोलत असताना तुला मधे बोलता येत नाही, ही त्यातली मोठी सोय आहे.

आईचे गुडघे कसे आहेत? भाऊजींची पाठ? भिंगरीचा हलणारा दात पडला, की अजून ती तो जिभेने ढकलत सगळ्यांना दाखवत फिरते? माझी तब्येत उत्तम. नोकरी तीच, पाण्याचे फिल्टर बसवायची आणि बिघडले की उघडायची. चौदा महिने झाले. तीन वर्षांत पाच नोकऱ्या बदलणाऱ्याला चौदा महिने म्हणजे पेन्शनचं वय, तेव्हा या बाबतीत टोमणा मारायचा राहिला असेल तर तो आता बाद समजावा.

आता कामाचं. या महिनाअखेरीला भाऊजींची इथे बदली, भिंगरी पाचवीत जाणार, सरकारी शाळांचे अर्ज भरायची शेवटची तारीख वीस, आणि वीस चुकली तर पोर वर्षभर घरी. तिच्या बाईंनी वहीत लाल शाईने 'फार प्रश्न विचारते' असा शेरा मारला आणि त्या दिवसापासून ती वर्गात तोंड उघडत नाही, हे मला सांगताना तू रडत होतीस. ते मी विसरलेलो नाही. त्यामुळे या कामात मी एकदाही थट्टा केलेली नाही. जी झाली ती आपोआप झाली.

भाऊजींनी मला मोबाइलवर शिक्षण खात्याचा तक्ता पाठवला आणि खाली हुकूम सोडला, "पहिल्या पाचांतली बघ." तक्त्यात एकेचाळीस शाळा आणि एकोणीस रकाने. मोबाइल आडवा धरला तर शाळा दिसतात, रकाने पळतात. उभा धरला तर उलटं. शेवटी माझ्या खोलीतला बेकरीवाला (आम्ही दोघंच राहतो, तो पाव भाजतो आणि जगातल्या कुठल्याही विषयावर मत देतो) एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने वाचत बसलो. एका शाळेत शिक्षक साडेसात निघाले. अर्धा शिक्षक कसला, असं मी विचारलं तर बेकरीवाला म्हणाला की जेवणाच्या सुट्टीनंतर पेंगत असेल. दुसऱ्या एका शाळेची हजेरी एकशे तीन टक्के होती. त्यावर त्याचं म्हणणं असं, की मुलं घरून धाकटी भावंडं घेऊन येत असतील. खात्यात याच्यासारखी माणसं असती तर तक्त्याखाली खुलासेही छापले गेले असते.

तक्ता शाळांच्या क्रमांकाने लावलेला होता, एक ते एकेचाळीस, आणि दहावीच्या निकालाचे आकडे मात्र कसेही वरखाली. त्या रकान्याच्या डोक्यावर एक बाण असतो, तो दाबला की मोठा आकडा वर येतो, असं बेकरीवाला म्हणाला. मी दाबला. मोबाइलने काहीतरी लांबलचक विचारलं आणि खाली दोन चौकोन दाखवले. आमच्या धंद्यात घट्ट करायचं असेल तर उजवीकडे फिरवतात, म्हणून मी उजवा चौकोन दाबला. आकडे भराभर जागा बदलून बसले. बघतो तर काय, शाळा क्रमांक एक, निकाल अठ्ठ्याण्णव. क्रमांक दोन, सत्त्याण्णव. असं उतरत उतरत क्रमांक एकेचाळीस, अठ्ठेचाळीस. सरकारला मी आजवर किती नावं ठेवली असतील, त्याची मला लाज वाटली. शाळांना क्रमांक उगाच दिलेले नव्हते ताई, हुशारीप्रमाणे दिले होते. मग एवढा तक्ता करायचा कशाला, पाटीवरचा आकडा बघितला की झालं, असं बेकरीवाला म्हणाला, आणि मलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून निघालो तो खांद्यावर हत्यारांची पिशवी तशीच घेऊन शाळा क्रमांक एकच्या फाटकाशी. पहारेकरी मला बघून उठूनच उभा राहिला. "आलास का बाबा? तीन दिवस वाट बघतोय." माझ्या येण्याची बातमी इतक्या लांब पोचली म्हणून मी सुखावलो, तोवर त्याने मला मुलांच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीशी नेऊन उभं केलं. फिल्टर चोंदला होता. मी शाळा बघायला आलोय हे मी सांगितलं, दोनदा सांगितलं, पण तो म्हणाला, "बघ की, इथून सगळी दिसते." बसलो खाली आणि उघडला फिल्टर. (मुकादमाला हे कळू देऊ नकोस. तू त्याला ओळखत नाहीस, तरीपण.)

काम करता करता मी शाळा पारखत होतो. भिंतीचा पोपडा निघालेला. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, पैसा भिंतीवर न घालता मुलांच्या डोक्यात घालतात. पाचवीच्या वर्गात तीसच मुलं. मी म्हटलं, निवडून घेत असणार. व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात छतातून पाणी गळत होतं आणि खाली बादली ठेवली होती, आणि दोन मुली त्या बादलीत किती थेंब पडतात ते मोजत होत्या. मी म्हटलं, बघा, थेंबसुद्धा वाया घालवत नाहीत. अठ्ठ्याण्णव टक्के माणसाच्या डोळ्यांवर असे चढतात.

तेवढ्यात पाचवीच्या बाई (उंच, आवाज खणखणीत, खडूने पांढरी झालेली बोटं) वर्गाबाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "मुलांनी बघितलं तर चालेल?" मी हो म्हणायच्या आत तीसच्या तीस पोरं माझ्याभोवती. मग सुरू झालं. काका, पाणी वर कसं चढतं? काका, घाण कुठे जाते? काका, तुमच्या घरी फिल्टर आहे का? (नाही.) एक चष्मेवाला मुलगा म्हणाला, "फिल्टर पाणी साफ करतो, पण जे दिसत नाही ते त्यानं पकडलं हे तुम्हाला कसं कळतं?" चौदा महिन्यांत मला हे कोणी विचारलेलं नाही, मुकादमाने नाही, गिऱ्हाइकाने नाही. मी पाना हातात धरून म्हणालो, मला माहीत नाही. मला वाटलं आता हसतील. तर बाई म्हणाल्या, "मलाही नाही," आणि आत जाऊन त्यांनी तो प्रश्न फळ्याच्या कडेला लिहिला. तिथे 'राहिलेले प्रश्न' असं लिहून खाली अकरा प्रश्न होते. आमचा बारावा. उत्तर सापडलं की पुसायचा, तोवर फळा धुवायचा पण ती कड सोडून, असा त्यांच्याकडे नियम आहे.

ताई, मी तिथेच पाना पुसला, हात धुतले आणि कचेरीत जाऊन भिंगरीचा अर्ज भरला. पालकाच्या जागी सही केली, नात्याच्या जागी 'मामा' लिहिलं, शिक्का बसला, पावती मिळाली. मग जाता जाता मी लेखनिकाला म्हटलं, "अठ्ठ्याण्णव टक्के असूनही तुम्हा लोकांना गर्व म्हणून नाही." त्याने चष्मा कपाळावर चढवला. "कुणाचे अठ्ठ्याण्णव?" मी मोबाइल दाखवला. तो इतका हसला की शेजारच्या खोलीतून मुख्याध्यापिका आल्या. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "अहो, तुम्ही फक्त आकड्यांना रांगेत उभं केलंत. शाळा आहेत तिथेच राहिल्या." त्याने तक्ता पुन्हा पहिल्यासारखा केला, बाण दाबला आणि या वेळी डावा चौकोन दाबला. क्रमांक एक घसरला तो चौतिसाव्या जागेवर, निकाल एकसष्ट. वर आली शाळा क्रमांक सत्तावीस.

मी अर्ज परत मागितला. लेखनिक म्हणाला, शिक्का बसलाय, आता अर्ज मागे घेण्याचा अर्ज करावा लागेल. मुख्याध्यापिका मात्र शांतपणे म्हणाल्या, "आधी सत्तावीस बघून या. आणि तक्त्यात नववीचा आणि दहावीचा पट शेजारी शेजारी आहे, तेवढे दोन रकाने वाचा. मग या." 

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून सत्तावीसला गेलो. खोटं बोलणार नाही, शाळा झकास आहे. फरशी अशी की चपला हातात घ्याव्याशा वाटतात, अठराशे पुस्तकांचं ग्रंथालय (कुलूप होतं, पण कुलूपही चकचकीत), मैदान, सगळं. फक्त आवाज नव्हता. मला वाटलं सुट्टी आहे, म्हणून खिडकीतून डोकावलो तर पन्नास मुलं हाताची घडी घालून बसलेली. फाटकावरच्या बाईंना विचारलं, आमची भाची जरा जास्त प्रश्न विचारते, चालेल ना? त्या प्रेमाने म्हणाल्या, "इथे आली की महिन्याभरात सवय सुटते हो." त्यांना वाटलं मी तक्रार करतोय.

बाहेर पायरीवर बसून ते दोन रकाने वाचले. सत्तावीस: नववीत चौपन्न मुलं, दहावीत एकतीस. क्रमांक एक: नववीत चाळीस, दहावीत एकोणसाठ. तू हिशेबात पक्की आहेस, तूच बघ. इकडे तेवीस कमी झाली, तिकडे एकोणीस वाढली, आणि मधे रस्ता फक्त बसचा आहे. परत जाऊन लेखनिकाला विचारलं तर म्हणाला, "त्यांना नको असलेली आमच्याकडे येतात. वर्षभरात जमेल तेवढं शिकवतो. त्यातली निम्म्याहून जास्त पास होतात, पण निम्म्याहून जास्तला तक्त्यात चौतिसावी जागा मिळते." माझ्याही शाळेने मला सातवीच्या परीक्षेआधी "यंदा राहू दे" असं म्हटलं होतं. त्या वर्षी शाळेचा निकाल फार छान लागला असणार.

तेव्हा अर्ज मी मागे घेतलेला नाही. पावती सोबत आहे. पण मुलगी तुझी, म्हणून सत्तावीसचा कोरा अर्जही सोबत ठेवलाय. वीस तारखेच्या आत ठरव. भिंगरीलाही विचार. तिने उलटा प्रश्न विचारला तर तिला क्रमांक एकच हवी असं मी समजेन.

आईला नमस्कार, भाऊजींच्या पाठीला आराम, भिंगरीला एक गालगुच्चा.

तुझा भाऊ

ता. क. फिल्टर आता व्यवस्थित चालतो. चष्मेवाल्याचा प्रश्न मात्र अजून फळ्यावर आहे. हे फिल्टर जिथे बनतात त्या आमच्या कारखान्यात विचारलं, तिथेही कोणाला सांगता आलं नाही.

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. क्रमांक एकला अर्ज करायचा तर मुलीचं घर शाळेपासून दोन किलोमीटरच्या आत लागतं. लेखनिकाने पत्ता विचारला तेव्हा मी बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांचा पत्ता दिला. खोटा नाही, खोल्या रिकाम्या होत्या, त्याच दिवशी आगाऊ भाडं देऊन टाकलं. आईसाठी जिना सोपा आहे, पायऱ्या अकराच, मी दोन्ही हातांत सामान घेऊन चढून बघितला. शेजारी माझी खोली.

ता. क. आणखी एक. शाळा क्रमांक सत्तावीस भाऊजींच्या नव्या कचेरीच्या अगदी समोर आहे आणि कचेरी देते ती घरंही त्याच गल्लीत आहेत. बेकरीवरून मात्र त्यांना दोन बस बदलून तासभर लागेल. बेकरीवाल्याच्या मते पाठीला बसचा धक्का चांगला असतो. हे सगळं त्यांना तू सांग, मी सांगितलं तर ते खोकतील. जेवण झाल्यावर सांग, आणि इथे मला चौदा महिने भांडायला कोणी नाही हेही वाटलं तर सांग. बेकरीवाल्याशी भांडता येत नाही, त्याला माझं सगळं लगेच पटतं. टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलंय, एकोणीस तारखेला सकाळी तो तुमच्या दारात येईल. त्याच्या भाड्याचे तीन हजार दोनशे पाठवतोय.