दोन हजार पाचशे वीस लाडू आणि अकरावी चूल

चिरंजीव सहदेव यास, पोलादपूरच्या वरच्या वाडीतून अनिलदादाचे आशीर्वाद, आणि शकूवहिनीचे माझ्यापेक्षा चार जास्त. सुप्रियाची कंबर कशी आहे? माझे गुडघे होते तसेच आहेत. पत्र अशासाठी, की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मागे म्हणालास, आई गेली, आता तिथं आपलं कोण हाय, घर देऊन टाकतो. तो विषय मी इथे काढणार नाही. लाडवांबद्दल लिहितो.

शिमग्यात पालखी वाडीत येते त्या दिवशी भावकीत नाचणीच्या लाडवांचे वाटे होतात. (मुंबईत राहून विसरला असशील म्हणून सांगतो.) त्या सकाळी ज्याची चूल पेटली त्याला एक वाटा, सगळे वाटे सारखे, लाडू फोडायचा नाही. उरतील ते न आलेल्याचे, आणि वाटे करणाऱ्याने ते स्वतः पोचते करायचे. वाटे मी करतो. मागच्या वर्षी उरलेले पाच लाडू घेऊन मी वरंधपर्यंत गेलो आणि न आलेल्यांच्या दाराला कुलूप होतं. तेव्हाच ठरवलं, यंदा काही उरू द्यायचं नाही.

आता अडचण बघ. तुझं सोडून वाडीत घरं दहा, पण मुंबईची किती येतील ते ऐन सकाळपर्यंत कळत नाही. मग मी असा आकडा काढला, की एकपासून दहापर्यंत कशानेही भागा, निःशेष भाग जातो. दोन हजार पाचशे वीस. याहून लहान आकड्याला हे जमत नाही. त्याला एकंदर अठ्ठेचाळीस भाजक आहेत, इतका मनमिळाऊ आकडा आपल्या भावकीत तरी कुणी पाहिला नसेल. (महाडच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, पण ते उपयोगी पडायची ही पहिलीच वेळ.) लाडू सुपारीएवढेच ठेवले, तरी वळताना शकू म्हणाली, “तुमचा आकडा सुटला, माझी मनगटं सुजली.” मी ते मनावर घेतलं नाही.

सकाळी दहाच्या दहा घरांतून धूर निघाला. मी छाती काढून वाटे करायला बसलो, तोच गोठ्यामागून आणखी एक धूर वर आला. बघतो तर गणू तीन दगड मांडून चहा करतोय. पालखीचा पुढचा दांडा कुणी धरायचा यावरून पहाटे त्याचं राजेशशी, म्हणजे सख्ख्या भावाशी, वाजलं होतं. मी म्हटलं, गणू, उद्या भांड, आज माझं गणित आहे. तो म्हणाला, “मास्तर, आमची चूल निराळी हाय. वाटा द्या नायतर नाय म्हणा.” नाही म्हणता येईना. अकरा वाटे झाले, दोनशे एकोणतीस प्रत्येकी, आणि परातीत एक लाडू उरला.

सगळी भावकी त्या एका लाडवाकडे बघत बसली. न आलेला कोण, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी तुझ्या दाराकडे पाहिलं. सहदेवा, मला फार वाईट वाटलं. तुझ्या आईची, आवडीकाकूची चूल शकूने सारवून ठेवली होती, उगाच, सवयीने. गुडघ्यांमुळे मी स्वतः येऊ शकत नाही, म्हणून तो लाडू सोबतच्या डबीत पाठवत आहे. नियम मोडल्याबद्दल देवीची माफी मागितली आहे.

तुझा,
अनिलदादा

ता. क. दोन हजार पाचशे वीसला जरा बाराने भागून बघ. दोनशे दहा, आणि उरत काही नाही. पुढच्या शिमग्याला तुझी चूल पेटली तर बारा होतात. घर देऊ नकोस. किल्ली आमच्याकडे खुंटीवर आहे.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात कळलं, गणू आणि राजेशचं कालच जुळलं. म्हणजे तू आलास की पुन्हा अकराच चुली, आणि पुन्हा एक उरणार. तरी ये. तेव्हा न आलेलं कुणी नसेल, तर तो लाडू आपण दोघं फोडून अर्धा अर्धा खाऊ.