ओला चालेल, उष्टा नाही

बाई,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुम्ही रागवाल अशी भीती वाटायचं काही कारण नाही, पण पेन उघडलं तशी पाठ आपसूक ताठ झाली. ही वही माझी नाही, नातीची आहे. तिची बारावी संपली, मागची पानं कोरी राहिली, आणि कोरा कागद वाया घालवायची मला सवय नाही. माझी चौथी पास अक्षरं तुम्हाला ठाऊक आहेत. तुम्ही म्हणायचात, "अगं, ही अक्षरं आहेत की झाडावर बसलेली माकडं?" अजून तशीच आहेत. माकडं म्हातारी झाली, इतकंच.

नात सातवीत असताना आम्ही दोघी राजा घाटावर गंगेचं पाणी भरायला गेलो होतो. एक बाई होडीतून बाटल्या भरत होती. बाटली बुडवायची, खळखळून ओतून द्यायची, असं तीनदा, आणि मग भरून बूच लावायची. पोरीनं काठावरून ओरडून विचारलं, हे काय करता? ती म्हणाली, पाण्यात काय काय मिसळलंय ते तपासणार. झालं. पायऱ्या चढेपर्यंत पोरीनं ठरवून टाकलं, आजी, मला हेच करायचंय. म्हणून अकरावीला विज्ञान घेतलं, आणि सहामाहीला रसायनात सत्तरपैकी अकरा आणले. माझा मुलगा बँकेत आहे, त्याचं सगळं नीटनेटकं असतं. तो म्हणाला, "आई, जाऊ दे. कॉमर्सला टाकू. वार्षिकला नापास झाली तर शाळाच काढून टाकेल, त्यापेक्षा आपणच निघालेलं बरं." पोरगी ताटावरून उठली नाही, रडली नाही, फक्त म्हणाली, "पापा, वार्षिक तक. उसके बाद जो बोलोगे." मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतोस, मी काय तपासनीस आहे? पण मनात धरून ठेवलं, वार्षिकपर्यंत.

पंधरा दिवसांनी ती प्रॅक्टिकल करून आली ती दप्तर आपटतच. मी विळीवर दुधी चिरत होते. तीन वेळा केलं म्हणे आणि तीन वेळा आकडा वेगळा आला. सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, रीडिंग घर से बनाकर लाई हो क्या? मी सहज विचारलं, काय कशात ओतत होतीस? म्हणाली, वर ब्युरेटच्या नळीत सोडा, खाली फ्लास्कमध्ये ॲसिड, गुलाबी झालं की थांबायचं. मग मी विचारलं, "तो चंबू कशानं धुतलास?"

"फ्लास्क? ॲसिडनंच. तीन बार. आजी, तूच तर शिकवलंस."

बाई, माझी विळी तिथंच थांबली. खरंच मीच शिकवलं होतं. पाच वर्षांची असल्यापासून शिकवलं होतं की गंगेचं पाणी आणायचं तर तांब्या आधी गंगेच्याच पाण्यानं तीनदा खंगाळायचा, आत नळाचा थेंब राहता कामा नये. होडीतली बाईही तेच करत होती. मग पोरीनं काचेच्या चंबूलाही तेच केलं. आणि तीच चूक तुमच्या डोळ्यांदेखत चाळीसएक वर्षांपूर्वी कुणी केली होती, ते तुम्ही विसरला नसाल.

मी तुमच्या प्रयोगशाळेत लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कागदावर कामाला काहीतरी नाव होतं, तोंडी मी 'बोतल धोने वाली'. कॉलेजातल्या सगळ्या मुली तुम्हाला बहनजी म्हणायच्या, मी एकटी बाई म्हणायचे, कारण तिथं मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि तुम्हाला रागवायला मराठीच लागायची. हिंदीत तुम्ही फार सभ्य होता. बोर्डाच्या परीक्षेआधीचा तो सराव. सकाळी लवकर येऊन मी सगळी काच लखलखीत करते, आणि वर मोठ्या श्रद्धेनं प्रत्येक भांडं, त्यात जे भरायचं त्यानंच, तीनदा खंगाळून ठेवते. अठरा मुली आणि अठराजणींचे आकडे अठरा दिशांना. तुम्ही ओट्यापाशी येऊन उभ्या राहता.

"काच कुणी धुतली?"

"मी."

"चंबूसुद्धा ॲसिडनं?"

"चंबूसुद्धा. आमच्याकडे गंगेचं पाणी भरायचं तर तांब्या आधी—"

"ही गंगा आहे का? सोवळं घरी ठेवून येत जा!"

दोन मुली हसल्या. त्यांना मराठी कळत नव्हती, पण फजिती कुठल्याही भाषेत कळते. माझी जीभ तेव्हाही आवरत नसे. मी म्हटलं, "ब्युरेट तर तुम्हीच सांगता तशी धुवायला. मग चंबूनंच काय पाप केलंय?" मला वाटलं, आता नोकरी गेली. तुम्ही स्टूल ओढलंत, मला बसवलंत, आणि अठरा मुलींना ताटकळत ठेवून विचारलंत, "आमटी करतेस ना? दहा माणसांची डाळ मोजून टाकलीस. पातेलं आधीच ओलं होतं, तर डाळ वाढली का?"

"नाही."

"आणि पातेल्याला सकाळची डाळ चिकटलेली असली तर?"

"तर वाढली."

"मग? चंबूत मी मोजून टाकते. चंबू ओला चालेल, उष्टा नाही चालणार. ब्युरेटचं उलटं आहे. तिच्यातून किती गेलं ते मी मोजते, तिच्यात पाणी राहिलं तर आतलं पातळ होतं, मग मोजून उपयोग काय? विचारलंस ते बरं केलंस. न विचारता धुतलंस ते वाईट केलंस."

त्याच महिन्यात तुम्ही हायस्कूलचा, म्हणजे दहावीला बाहेरून बसायचा, प्रायव्हेट फॉर्म आणलात. सगळा तुमच्या हातानं भरलेला, फक्त माझी सही बाकी. म्हणालात, ज्या बाईला चंबूनं काय पाप केलं असं विचारता येतं, तिनं काच धुवत जन्म काढू नये, सही कर, पुढचं मी बघते. मी तो चार दिवस पिशवीत घालून घरी नेला, परत आणला, आणि तुमच्या टेबलावर ठेवला. सासूबाई नको म्हणाल्या, हे तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही फॉर्म दुमडून खणात टाकलात. पुन्हा विषय काढला नाहीत.

तर त्या दिवशी मी विळी बाजूला सारली, पोरीला समोर बसवलं आणि तुमची आमटी तिला जशीच्या तशी वाढली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ये सर ने क्यों नहीं बताया?" मी म्हटलं, "सांगितलं असेल. तुझ्या कानात ती मोबाइलच्या गाण्यांची बोंडं असतील." थोड्या वेळानं म्हणते, "पण आजी, तू तर तिकडे फक्त काच धुवायचीस ना?" मी म्हटलं, "हो. म्हणूनच." पुढच्या प्रॅक्टिकलला तिचे दोन आकडे हुबेहूब जुळले, तिसरा केसभर इकडेतिकडे. सरांनी दोनदा पाहिलं म्हणे. घरी येऊन तिनं वही उघडून माझ्या मांडीवर ठेवली आणि भात मागितला.

पण नुसती काच धुऊन परीक्षा निघत नाही. गणितं होती. तो एक मोल नावाचा प्रकार आहे, तो मला आजतागायत कळलेला नाही आणि आता कळून काही उपयोगही नाही. पोरगी गणित करायची, चुकलं की पान टराटरा फाडायची. केरात रोज चुकांचा ढीग. तेव्हा मला तुमची दुसरी शिस्त आठवली. खोडरबर चपलेसारखं तुमच्या खोलीबाहेर ठेवायचं. आकडा चुकला तर गिरवून काळा करायचा नाही, त्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी लिहायचं का चुकलं. एका मुलीनं आकडा शाईनं बुजवला तेव्हा तुम्ही म्हणालात, "चूक दिसली नाही तर दुरुस्त काय करू, तुझं तोंड?" मी दुकानातून ही जाड वही आणली आणि पोरीला बजावलं, पान फाडलंस तर जेवण बंद. ती म्हणाली, ये टॉर्चर है. मी म्हटलं, असेल, रेघ मार.

दुपारी भाजी निवडताना मी ती वही घेऊन बसायचे. गणित मला कळत नव्हतं, पण शेजारचं 'का' वाचता येत होतं, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. महिनाभर वाचलं तेव्हा लक्षात आलं, हे सगळं मी आधी वाचलेलंच आहे. मी तिला हाक मारली. "तुझ्या चुका पन्नास नाहीत गं. तीनच आहेत. त्याच रोज साड्या बदलून येतात." तिला पटेना. मग आम्ही बसून मोजल्या. प्रश्न अर्धाच वाचला, ही पहिली. समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळवायच्या आधीच गणिताला हात घातला, ही दुसरी. ग्रॅम की लिटर ते लिहिलंच नाही, ही तिसरी. बाकीच्या इतक्या थोड्या निघाल्या की ती माझ्याकडे तोंड उघडं टाकून पाहत राहिली. तिला वाटत होतं सगळा विषयच अंगावर आलाय. आल्या होत्या तीन भवान्या.

त्या दिवसापासून मी पोळ्या लाटताना विचारायचे, प्रश्न पुरता वाचलास? बाजू जुळल्या? ग्रॅम की लिटर? ती म्हणायची, "हो आजी." मी म्हणायचे, "हो नको. दाखव." काय जुळलं ते मला काय कळणार, कपाळ? पण दाखवायला म्हणून तिला परत बघावं लागायचं, आणि बघितलं की तिचीच जीभ दाताखाली जायची. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, फ्लास्क ॲसिडनं का धुवायचा नाही, तर ही म्हणाली, सर, गीला चलेगा, जूठा नहीं चलेगा. सर हसले, आणि मग म्हणाले, आता केमिस्ट्रीच्या भाषेत सांग. तेही सांगितलं.

वार्षिकला ती पास झाली, काठाच्या बऱ्यापैकी आत. मुलगा कॉमर्सचं नाव काढेनासा झाला. बारावीतही हीच वही, हीच रेघ. यंदा बोर्डाचा निकाल लागला, रसायनात शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी. बीएस्सीला नाव लागलंय. मुलगा सकाळीच कचौडी-जिलबी घेऊन आला आणि म्हणाला, "आई, तू हिला नेमकं शिकवलंस तरी काय?" मी म्हटलं, "भांडी घासायला."

इथंच पत्र संपवलं असतं. पण पोरगी कचौडी खाता खाता म्हणाली, "आजी, तुला एवढं कळतं, मग हायस्कूल का नाही केलंस?" मी नेहमीचं उत्तर दिलं, सासूबाई नको म्हणाल्या. ती म्हणाली, "पण का नको म्हणाल्या? आजी, तू आधाच क्वेश्चन वाचलास." मी तिचं अर्धं खाल्लेलं ताट उचलून आत घेऊन गेले, बाई, हे मुलानंही पाहिलं.

त्या फॉर्मनंतर तुम्ही चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे आला होता. सासूबाईंच्या हातून डाळ आणि पन्हं घेतलंत, पण त्यांच्याकडे पाहिलंही नाहीत. तुम्ही गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुझ्या बाई माझ्यावर का गं रुसल्यात?" मी म्हटलं, स्वभावच आहे त्यांचा तसा. त्या बिचाऱ्या दर वर्षी तुमच्यासाठी डाळ वेगळी काढून ठेवायच्या. त्यांना फॉर्म ठाऊकच नव्हता. मी विचारलं असतं तर त्यांनी दोन्ही वेळचा स्वयंपाक स्वतःकडे ओढून घेतला असता, आणि यांनी तर गावभर सांगितलं असतं. चार दिवस फॉर्म माझ्या पिशवीत होता आणि मला दिसत होतं ते एवढंच, की ज्या पोरींच्या काचा मी धुते, त्यांच्याच बहिणींच्या शेजारी बाकावर बसून मी नापास होईन, आणि मग तुमच्यासमोर परत काच धुवायला उभी राहीन.

हे पत्र कुठं धाडणार? तुमच्या घरात आता साड्यांचं गोदाम आहे. वहीतच राहील. आता हायस्कूलचा फॉर्म मोबाइलवर भरतात म्हणे. पोरीनं काल माझं नाव भरून मोबाइल माझ्यापुढे ठेवला. पुढचं अजून भरलेलं नाही, पण तिला फॉर्म बंद करू दिला नाही.

काही पानं मागं मी लिहिलंय की सासूबाई नको म्हणाल्या. आत्ता जाऊन त्या ओळीवर रेघ मारून आले. एकच, खालचं वाचता येतंय. शेजारी लिहिलंय, विचारलंच नव्हतं. घाबरले.