गवती चहाचं तेल

घोडपदेव,
९ डिसेंबर २०२४

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

तीन वर्षांनी मोठी आहे म्हणून आशीर्वाद लिहिले, नाक मुरडू नकोस. फोन तू उचलत नाहीस. शेवटी तुझ्या त्या बडबड्या मैत्रिणीकडून, प्रितीकडून, तुझा नाशिकचा पत्ता मिळवला.

इथे सगळे मजेत. चाळीसमोर टॉवर उभा राहिलाय, त्यामुळे आपल्या गॅलरीत दुपारी दोनलाच सावली येते. मी परळच्या एका मसाज सेंटरमध्ये लागले. सुगंधी तेलांचं काम. बायका येतात, डोळे मिटतात, आणि तासाभराने कुठल्या तरी लांबच्या गावाहून परतल्यासारख्या उठतात. माझ्या बिल्ल्यावर 'अँजी' लिहिलंय. 'अनुजा' हे नाव म्हणे गिऱ्हाइकांना जड जातं. आता कोणी अँजी म्हटलं की मी निमूट ओ देते.

आईचं लिहायचं टाळतेय, तुला कळलं असेलच.

काचबिंदूने तिची नजर गेल्यात जमा आहे, नुसत्या सावल्या दिसतात. पाय सतत दुखतात. म्हणून रोज अकराला, कामावर निघण्याआधी, मी तिला तेल लावते. ती अजून आधी तेलाचं बोट जमिनीला लावते, मगच पाय पुढे करते.

महिन्यापूर्वी सेंटरमधून गवती चहाच्या तेलाची छोटी बाटली आणली. कोमट खोबरेलात दोन-तीनच थेंब घातले. खोलीभर वास पसरला आणि मला तुझा गवती चहा लावलेला पत्र्याचा डबा आठवला, गॅलरीतला. येता-जाता पात तोडून तळहातावर चोळायचीस. तू यशोधनबरोबर घर सोडून गेल्यावर आईने त्याला पाणी घालू दिलं नाही. मीही लपून घातलं नाही.

मी काही न बोलता तिच्या पोटऱ्या चोळत होते. ऊन तिच्या पावलांपर्यंत आलेलं. ती अर्धवट झोपेत म्हणाली, "मनू, इलंस गो?"

माझे हात थांबले नाहीत, एवढंच. मग ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी दार उघडूक होया होता. तू भायर रडत होतंस, माका ऐकू येत होता. मी चुकलंय गो."

मनू, आईच्या तोंडून 'चुकलंय' मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी फक्त "असू दे" म्हटलं, तुझ्यासारखं बारीक आवाजात. तुला न विचारता तुझ्या वतीने तिला माफ करून टाकलं.

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच तेल काढलं. तिसऱ्या दिवशीही. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. ती माझ्या, म्हणजे तुझ्या, केसांवरून हात फिरवायची. मी तिचं सगळं करते, पण अनुजाच्या केसांवर तो हात कधी आला नाही. मला तुझा राग आला, आणि रोज अकराची वाटही बघत राहिले.

परवा तिने विचारलं, "पोरीचा नाव काय ठेवलंस?" प्रितीने तुझ्या कडेवर मुलगी पाहिल्याचं तिच्या कानावर गेलंय. एखादं नाव ठोकून देणार होते. जीभ वळली नाही. तुझ्या मुलीचं नाव मला माहीत नाही, मनू. मी तिची मावशी आहे.

काल बाटली फळीवर ठेवून दिली. नुसतं खोबरेल घेतलं आणि मोठ्याने म्हटलं, "आई, मी अनुजा." तिने पाय पुढे केले. थोड्या वेळाने म्हणाली, "आज मनू येऊक नाय?"

मी म्हटलं, "येईल."

हे मी अँजी म्हणून किंवा तू म्हणून बोलले नाही, माझ्या नावाने बोलले. तू दारात आलीस आणि आईने दार उघडलं नाही, तेव्हा मीही आतच बसले होते, त्याची माफी माझी मला मागायची आहे. आईने मागितलेली माफी मी घेऊन ठेवलीये, ती तुझी तुला द्यायची आहे. बाटलीत निम्मं तेल आहे. तू ये आणि तिच्या पायांना लाव. मी बाजूला बसेन, तुझ्या पोरीला मांडीवर घेऊन, आणि तिचं नाव आईबरोबरच ऐकेन.

दाराला कडी लावत नाही.

तुझी ताई,
अनुजा