नाल्याच्या अलीकडे, पलीकडे

रेणापूर,
रविवार, ९ मे २००४

ती. दादा,

नमस्कार. अक्षर ओळखलं असशील. तुझा हदगावचा पत्ता गुरुबसप्पाकाकांकडून घेतला. तुला रस्त्याच्या कामांवरून तिकडं टाकलंय असं ते म्हणाले. वहिनी बऱ्या असतील. आमचं इकडं ठीक आहे. ऊन फार आहे. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं.

पत्र लिहायचं कारण म्हणजे घर. मार्चात यांची लातूरच्या कचेरीत बदली झाली. उर्वीनं दहावीची परीक्षा दिली आहे, निकाल अजून लागायचाय. तिला अकरावी सायन्सला लातूरलाच घालायचं. सगळेच घालतात. देवणीकडून, उदगीरकडून, पार तुमच्या नांदेडकडूनही पोरं येऊन राहिलीत. मी माझ्या शाळेला रेणापूरला एसटीनं येऊन-जाऊन करीन. म्हणजे आता लातूरला घर घ्यायचं ठरलं आहे.

दोन घरं बघितली. दोन्ही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, मधे एक नाला. पण नाल्याच्या अलीकडची वस्ती वेगळी आणि पलीकडची वेगळी.

अलीकडं प्रज्ञाविहार. आठ-दहा वर्षांत उठलेली कॉलनी. क्लासेस चालत पाच मिनिटांवर. प्रत्येक घरावर मजला, मजल्यावर पोरं नाहीतर पोरी. कठड्यावर कपडे वाळत घातलेले, खाली सायकलींची गर्दी, जिन्यात डब्यांच्या पिशव्या अडकवलेल्या. चौकात गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो लावलेत, प्रत्येकाखाली टक्के. भिंतीला भिंत लागून घरं आहेत. शेजारच्या घरातला कुकर आपल्या घरात वाजतो. तिथलं घर अण्णाराव म्हणून एकाचं आहे. खाली तीन खोल्या, वर दोन, वरच्या भाड्यानं दिलेल्या.

पलीकडं रेणुकानगर. निवृत्त मास्तर, तलाठी, असे लोक. बैठी घरं, प्रत्येकाला थोडं अंगण, लिंबाची झाडं. रस्ता कच्चा, दिवे दोनच. बोअरचं पाणी मचूळ. उर्वीला क्लासला सायकलनं वीस मिनिटं लागतील, नाला ओलांडून, संध्याकाळी परत. तिथलं घर तलाठी होते त्या माधवरावांचं आहे. ते मुलाकडं पुण्याला निघालेत.

यांच्या मनात प्रज्ञाविहार आहे. पोरीची दोन वर्षं महत्त्वाची म्हणतात. वर चार मुली ठेवल्या तर उर्वीलाही सोबत. शेजारीपाजारी सगळे अभ्यासातले. त्यांचं खरं आहे. रेणुकानगरात संध्याकाळी सातला कुत्र्याशिवाय कुणी दिसत नाही.

मी दोन्हीकडं पावलं मोजली. झोपायच्या खोलीपासून बाहेरच्या मोकळ्या जागेपर्यंत. प्रज्ञाविहारात एकोणीस, आणि मधे दोन दारं. रेणुकानगरात सहा. यांना सांगितलं नाही.

तू भूकंपानंतर पुनर्वसनातली घरं बांधून घेतलीस, नंतर खात्यातही तेच केलंस. म्हणून तुला विचारते. घर घेताना काय बघायचं? खांब आहेत की नुसत्या भिंती, ते बाहेरून कसं कळतं? मी कुणाला विचारलं की हसतात. लातूरला आता कुणी तो विषय काढत नाही.

यांना हे पत्र ठाऊक नाही. उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठव. सुट्टी असली तरी मी आठवड्यातून एकदा जाऊन येते.

आई गेली तेव्हा तू आला होतास, बोलणं झालं नाही. गर्दी होती.

नीलम्मा


रेणापूर,
रविवार, १३ जून २००४

दादा,

तुझं पत्र मिळालं. चारही पानं. तू खांबाचं आणि तुळईचं चित्र काढून दिलंस ते मी पाठ केलं. दाराच्या वरच्या अंगाला भिंतीतून फिरणारा सिमेंटचा पट्टा आहे का, तेही विचारलं. तुझ्या पत्रात इतर काहीच नव्हतं. शेवटी फक्त एवढं, की उर्वी मोठी झाली असेल. ते वाचून मी पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि वर्गाच्या खिडक्या बंद केल्या. रडू आलं नाही. मला येत नाही आता.

घर ठरलं. कोणतं ते सांगते, पण आधी काय झालं ते सांगावं लागेल. क्रमानंच सांगते, नाहीतर मी मधेच थांबेन.

मागच्या रविवारी आम्ही तिघं अण्णारावांच्या घरी इसार द्यायला गेलो होतो. त्यांनी चहा ठेवला. मी त्यांना विचारलं, वरचा मजला कधी चढवला? तू लिहिलं होतंस ना, मजला नंतर चढवला असेल तर घेऊ नको म्हणून.

ते म्हणाले, "सत्त्याण्णवला. लई पोरं यायला लागली म्हणून चढवला. काय झालं?"

मी म्हटलं, "मग खालच्या भिंती एकाच मजल्याच्या हिशोबानं बांधलेल्या असतील. खांब कुठंयत?"

ते हसले. यांना म्हणाले, "बाई इंजिनेर हायत का हो?"

मग यांनी सांगितलं. नेहमी सांगतात तसंच, सुपारी कातरता कातरता. "हिचं मनावर घेऊ नका. आमची थोरली पोरगी किल्लारीच्या भूकंपात गेली. आठ वर्षांची. गणपतीला आजोळी गेली होती, हिच्या भावानं ठेवून घेतली. ही परत आली, पोरगी तिथंच राहिली. तवापासून हिला घराचं भ्या हाय."

अण्णारावांनी च्‌ च्‌ केलं. म्हणाले, "भावाला तरी काय माहीत."

हे म्हणाले, "माहीत नसंल. पण शाळा बुडवून ठेवायची गरज नव्हती."

दादा, हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. लग्नात, दवाखान्यात, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाजवळ. मी प्रत्येक वेळी खाली बघते. तेव्हाही खालीच बघत होते. फरशी नवी होती, तिच्यावर चहाचा थेंब पडला होता.

तेवढ्यात उर्वी बोलली. ती दारात उभी होती. म्हणाली, "मामानं नव्हती ठेवली."

हे म्हणाले, "तू पाच वर्षांची होतीस."

"मला आठवतंय बाबा. गाडी भरली होती. खिडकीची जागा मला दिली. पुनमताई रडायला लागली. आईनं तिला मारलं आणि खाली मामाकडं दिलं. मामा म्हणत होता, घेऊन जा. मी खिडकीतून बघत होते."

मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, "मी जागा दिली असती तर ती आली असती ना गं?"

अकरा वर्षं होतील आता. मला वाटायचं, हे फक्त तुला आणि मला ठाऊक आहे. या पोरीनं ते एवढी वर्षं एकटीनं बाळगलं आणि मला कळलं नाही. मी मास्तरीण आहे, वर्गातल्या चाळीस पोरांची तोंडं वाचते.

यांनी मला विचारलं, "खरं हाय का हे?"

मी म्हटलं, "हाव."

एवढंच म्हटलं. मग उर्वीजवळ गेले आणि तिला सांगितलं, तुझा काही संबंध नव्हता, तू लहान होतीस, जागा मी दिली होती तुला. ती मान हलवत राहिली. तिला पटलं का नाही, सांगता येत नाही.

दादा, तुला माहीत आहे, तरी मला लिहिलंच पाहिजे. त्या दिवशी पुनम सकाळपासून किरकिर करत होती. मला खोकला होता, अंगात ताप होता. स्टँडवर गाडीत शिरायला जागा नव्हती. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तुला म्हटलं, "ठेवून घे हिला, जीव नको केलाय." तू म्हणालास, "अगं न्हे की, शाळा बुडंल. आठवड्यानं पुन्हा कोण आणून सोडणार?" मी म्हटलं, तू सोड. गाडी सुटली तेव्हा ती रडायची थांबली होती. तुझं बोट धरून उभी होती. मी तिला हात केला नाही. मी रागात होते.

दोन दिवसांनी पहाटे भूकंप झाला. आम्ही पोचलो तेव्हा तू तिला काढलं होतंस. तुझे दोन्ही हात फडक्यात बांधले होते. यांनी विचारलं, पोरगी इथं का राहिली? मी तुझ्याकडं बघितलं आणि म्हटलं, दादानं ठेवून घेतली. कसं तोंडातून गेलं, मला अजून कळत नाही. मी ठरवून म्हटलं नव्हतं. तू खाली मान घालून म्हणालास, "हाव, मीच ठेवून घेतली."

तू तेव्हा नाही म्हणाला असतास तर मी मान्य केलं असतं. निदान मला तसं वाटतं. पण तू हाव म्हणालास, आणि मग ते खरंच होऊन बसलं. यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. आई माझ्याकडं राहायला आली. तू नांदेडला निघून गेलास. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज सांगावं. मग घरात भाकरी टाकायची असायची, वह्या तपासायच्या असायच्या.

अण्णारावांकडून आम्ही इसार न देताच उठलो. एसटीत तिघं तीन ठिकाणी बसलो. हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवत होते, कचेरीत जात होते. पाचव्या दिवशी सकाळी दाढी करता करता विचारलं, "त्यानं एकदाही सांगितलं नाही?"

मी म्हटलं, नाही.

"आई गेल्या तवा तो दिवसभर लिंबाखाली उभा होता. मी त्याला पाणीसुद्धा देऊ दिलं नाही कुणाला."

मी म्हटलं, मी आत होते. मला तो खिडकीतून दिसत होता.

त्यांनी आरसा उतरवून ठेवला. अर्धी दाढी तशीच होती. बराच वेळ मोरीजवळ बसून राहिले. मग उठून तोंड धुतलं आणि म्हणाले, "ते तलाठ्याचं घर बघायला त्याला बोलव. तो हाव म्हणाला तर घेऊ."

माधवरावांना मी तू लिहिलेलं सगळं विचारलं. त्यांनी चौऱ्याण्णवला बांधलंय, भूकंपाच्या पुढच्याच वर्षी. भिंतीतला पट्टा स्वतः दाखवला, जिथं गिलावा निघालाय तिथं. म्हणजे घेऊच. उर्वीला विचारलं, वीस मिनिटं सायकल चालवशील का? ती म्हणाली, चालवीन. क्लासच्या मुली तिकडून येत नाहीत, एकटी येईन, चालेल. तिचं अजून जेवण कमी आहे. मी तिच्याजवळ झोपते आता. ती काही बोलत नाही, पण उठून जात नाही.

रजिस्ट्री सोमवारी, २१ जूनला आहे. त्याआधी रविवारी घर बघायला येता आलं तर ये. वहिनींना घेऊन ये. उर्वी तुला ओळखणार नाही, तूच तिच्याशी बोल. यांना काय बोलायचं ते त्यांचं ते बघतील. मला तुझ्यासमोर उभं राहता येईल की नाही, ठाऊक नाही. नाही जमलं तर मी आत चहा करत असेन.

न आलास तरी मी काही म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र आता कुणालाच करता येणार नाही. आईनं शेवटच्या आठवड्यात दोनदा तुझं नाव घेतलं होतं. मी जवळ बसले होते. मी म्हणाले, झोप. ती तुझ्यावर राग घेऊन गेली, आणि तो राग माझ्यावर असायला हवा होता.

हे पत्र यांनी वाचलं आहे. मीच दिलं वाचायला. ते म्हणाले, जसंच्या तसं टाक.

पुनमला स्टँडवर मीच सोडून गेले होते.

नीलम्मा