व्यसनमुक्तीचा विद्यार्थी प्रमुख

६ जानेवारी
सुवर्णा मॅडमनी मला कॉलेजच्या व्यसनमुक्ती अभियानाचा विद्यार्थी प्रमुख केलं. योग्य निवड. विषय आतून माहीत असलेला माणूस हवाच. सहप्रमुख फलक, वर्गातलीच मुलगी. हुशार आहे, पण प्रॅक्टिकल अनुभव शून्य.

८ जानेवारी
संकल्प: अभियान संपेपर्यंत दारू बंद. बिअर धरलेली नाही. बिअर कोण दारू म्हणतं?

११ जानेवारी, सकाळ
फर्स्ट इयरच्या रुद्रचा आज वाढदिवस. पार्टी दुपारीच, गंगापूर धरणाकडे एका मित्राच्या मळ्यात. रुद्र सटाण्याचा, साधा पोरगा, कधी घेतलेली नाही. फलक म्हणाली, जाऊ नकोस. मी म्हटलं, तिथे कोणीतरी जबाबदार माणूस हवा. म्हणाली, मग मीही येते.

११ जानेवारी, संध्याकाळ. हॉस्पिटल
अक्षर वाकडं येतंय. थंडी फार आहे.
दोन बिअरनंतर रुद्रने पैजेवर अख्खी क्वार्टर एका दमात संपवली. पैज मी लावली होती, पण त्याने एवढं मनावर घ्यायला नको होतं. थोड्या वेळाने आडवा झाला. मी म्हटलं, झोपू दे, उतरेल. मग हलवलं तर उठेना. ओठ निळसर. श्वास मध्येच थांबायचा. पोरं म्हणाली, कॉलेजला कळलं तर मेलो, कोणाला सांगू नका. मी सगळ्या बाजूंनी विचार करत होतो. तेवढ्यात फलकने त्याला कुशीवर वळवलं आणि १०८ला फोन लावला.
डॉक्टरांनी विचारलं, किती घेतली? मी म्हटलं, थोडीशी. फलकने सगळं खरं सांगितलं. पैजेसकट. त्याची काही गरज नव्हती.

१२ जानेवारी
रुद्र शुद्धीवर आला. त्याचे वडील पहाटेच सटाण्याहून आलेत. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "भाऊ, तू व्हता म्हनीसन मना पोर वाचना." म्हणजे, मी होतो म्हणून पोरगा वाचला. फलक औषधं आणायला खाली गेली होती. खरं सांगणारच होतो, पण त्यांचे डोळे भरून आले होते. अशा वेळी कशाला त्रास द्यायचा.
रुद्र तोंड फिरवून पडून होता. अशक्तपणा असणार.

१५ जानेवारी
मॅडमचा निरोप. शुक्रवारी कौन्सेलर येणार आहेत, तू हजर राहा. म्हणजे अनुभवकथन माझंच. भाषण तयार केलं. शर्टाला इस्त्री.

१७ जानेवारी
खोलीत दोनच खुर्च्या. कौन्सेलर बाईंनी दार लावून घेतलं. मी म्हटलं, मुलं आली की सुरू करू. त्या म्हणाल्या, "अजून कोणी येणार नाहीये. बस."
बसलो.