चिकटवलेलं पाकीट

शारजा,
६ नोव्हेंबर १९९८

ती. ताईस सतीशचा शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर नीट बोलता आलं नाही. तुमच्या वाण्याच्या दुकानात फोन आला की निम्मं देवरुख ऐकायला उभं राहतं, म्हणून लिहितोय. आई परवा सकाळी बाथरूममध्ये पाय घसरून पडली. उजव्या खुब्याचं हाड मोडलंय. पायाला वजन लावून तिला हॉस्पिटलात झोपवून ठेवलंय. चार-पाच दिवसांत ऑपरेशन झालं तर तीन स्क्रूंवर भागेल आणि आई पुन्हा चालेल, असं डॉक्टर म्हणतात. उशीर झाला तर काय, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

खर्च चौदा हजार दिरहॅम सांगितलाय, म्हणजे आपले एक लाख एकसष्ट हजार. आई व्हिजिट व्हिसावर आलेली, तिला ना कंपनीचं कार्ड ना विमा. आधी डिपॉझिट भरा, मग ऑपरेशन. मिरजेला आणावं तर झोपवून न्यायला विमानातल्या कितीतरी सीट घ्याव्या लागतात, त्या पैशांत इथलं ऑपरेशन होऊन जाईल.

आईची बँकेतली ठेव तुमच्या दोघींच्या नावावर आहे, ती तू मोड. हे पत्र आणणारे कमरुद्दीन संगमेश्वरचे. इथल्या इंडस्ट्रियल एरियात आमच्या ॲल्युमिनियमच्या वर्कशॉपला लागून त्यांचं गॅरेज आहे. पैसे त्यांच्या घरी शहरबानूभाभींकडे दे. भाभींचा फोन आला की गॅरेजमधला त्यांचा भागीदार मला इथे दिरहॅम देईल. इकडे सगळे असंच करतात. पाकीट उघडं आहे म्हणून नवल करू नकोस. कुणाच्या हाती द्यायचं पत्र आम्ही चिकटवत नाही, कस्टममध्ये विचारलं तर नेणाऱ्याला दाखवता आलं पाहिजे.

आई म्हणते, नर्मदेला सांग, काळजी करू नको. ऋताचा नमस्कार.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
सतीश

---

देवरुख,
९ नोव्हेंबर १९९८

चि. सतीश यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईच्या जवळ मी नाही, याचं फार वाईट वाटतं. पण बत्तीस वर्षं मी वह्या तपासल्यात, आणि तुझ्या पत्रात मला बऱ्याच जागी लाल पेन्सिल चालवावीशी वाटते.

नानांच्या फंडाचे साठ हजार तू भागीदारीसाठी नेलेस, त्याला तीन वर्षं झाली. भागीदार पळाला असं तू सांगितलंस, आणि आईने तो विषय बंद करायला लावला. आता पुन्हा पैसे, आणि तेही बँकेतून नाहीत, तर संगमेश्वरातल्या एका बाईच्या हातात, पावतीशिवाय. तुझा पगार कुठे जातो? सहज चौकशी केली तर कळलं, तू अल नहदाला नवीन बिल्डिंगमध्ये मोठी जागा बघितलीस. आई हॉस्पिटलात आणि तू जागा बघतोस, याची सांगड मला घालता येत नाही.

शिवाय आई मला जन्मात कधी नर्मदा म्हणालेली नाही. मी तिची नमू. तेव्हा तिच्या हातचं पत्र पाठव. लिहिता येत नसेल तर तिला एवढंच विचार, की निघताना पितळी डब्यात तांदळाखाली काय ठेवलं. ते तिला आणि मलाच ठाऊक आहे. हॉस्पिटलचा कागदही पाठव.

ही ठेव आईने माई मावशीचं बघून हाडांसाठीच केली. मावशी खुबा मोडून दोन वर्षं अंथरुणात होती, ते तुला आठवत असेल. म्हणून ती मी सहजासहजी मोडणार नाही. पत्र माळी मास्तरांच्या जावयाबरोबर पाठवतेय, तो आज रात्री दुबईला निघतोय. आईला जप.

रागावली असली तरी तुझीच,
ताई

---

शारजा,
१२ नोव्हेंबर १९९८

ती. ताईस सा. न.

सोबत हॉस्पिटलचा कागद आहे. आकडा आता एकोणीस हजारांचा आहे, म्हणजे दोन लाख अठरा हजार. तू विचारशील म्हणून आधीच लिहितो. स्क्रूंचे दिवस गेले. हाडाच्या गोळ्याला रक्त पोचत नाही म्हणतात, तो काढून धातूचा बसवावा लागेल. वर वॉकर, कमोडची खुर्ची आणि व्यायाम शिकवणारा माणूस.

अल नहदाची जागा मोठी नाही, एकच खोली आहे. पण तिथे लिफ्ट आहे. आमचं आत्ताचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. आईला वर कसं नेऊ?

तिला पाठीवर झोपून लिहिता येत नाही. डब्यात काय ते विचारलं, तर म्हणाली, ते मी तुला सांगणार नाही. पगाराचं काय ते भेटीत सांगेन. ताई, पैसे दे. आई रात्री कण्हते आणि आम्हाला कळू नये म्हणून तोंडात पदर धरते.

तुझा,
सतीश

---

देवरुख,
१४ नोव्हेंबर १९९८

चि. सतीश यास आशीर्वाद.

सहा दिवसांत पाच हजार दिरहॅम वाढले. कागदावर पैसे भरल्याचा शिक्का नाही, नुसता अंदाज आहे, आणि असा कागद आमच्या शाळेचा कारकूनही टाइप करून देईल. डब्याचं उत्तर नाही. पगाराचं उत्तर नाही.

तू निदान माझा भाऊ आहेस. पण हा कमरुद्दीन मला मुळीच विश्वासाचा वाटत नाही. मी मुद्दाम संगमेश्वरला जाऊन बाहेरून घर पाहून आले. अंगणात नवीन फरशी बसतेय. ती कुणाच्या पैशांतून, हा प्रश्न मला पडला. तुम्ही दोघं मिळून आईच्या मोडक्या हाडावर धंदा तर करत नाही ना? असं लिहिताना मला लाज वाटते, पण मनात आहे ते लिहिलं. पैसे भरल्याची पावती किंवा आईचं अक्षर, दोन्हींतलं एक येईपर्यंत मी बँकेची पायरी चढणार नाही.

उद्या कमरुद्दीन परत जातोय, पत्र त्याच्याच हाती देते. पाकीट डिंकाने चिकटवलंय आणि जोडावर सही केली आहे. सही मोडलेली दिसली तर कळव.

आईला माझा नमस्कार, तुला काय लिहू ते सुचत नाही.
ताई

---

शारजा,
२४ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. नमूस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, पण माझंच आहे, निरखून घे. उशीला टेकून थोडं थोडं लिहिते आहे, तीन दिवस झाले. ऑपरेशन सतरा तारखेला झालं. काल वॉकर धरून चार पावलं टाकली. डॉक्टर म्हणतात चालशील, पण पूर्वीसारखं नाही. मांडी घालून बसणं आता संपलं.

डब्यात तांदळाखाली माझ्या पाटल्या आहेत, तुझ्या शर्वाणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या. सतीशने विचारलं तेव्हा सूनबाई ऋता समोर उभी होती. तिच्यासमोर कसं सांगू? तुला एवढं समजायला हवं होतं. आणि नर्मदा तो स्वतःच्या मनाने लिहून गेला, मला सुईची गुंगी होती.

त्याला तीन महिने पगार नाही. वर्कशॉपचा मालक आज देतो, उद्या देतो म्हणतो. पत्र उघडं जातं, म्हणून त्याने ते लिहिलं नाही. गावात आपली शोभा नको, एवढाच त्याचा हेतू.

आता पैसे कुठून आले ते सांगते. तू पाकीट दिलंस तेव्हा कमरुद्दीन म्हणाला होता, की चिकटवलेलं कुणी नेत नाही. तू ऐकलं नाहीस, आणि मित्राच्या बहिणीला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्याने ते घेतलं. इथे उतरल्यावर एअरपोर्टवर तेच पाकीट निघालं. साहेबाने ते फोडलं. मराठी कुणाला येईना, तेव्हा कमरुद्दीनलाच उभं करून ओळ न् ओळ वाचून हिंदीत सांगायला लावलं. इतकी वर्षं तो सगळ्यांची उघडी पत्रं नेतो, एकही कधी वाचलं नाही म्हणतो. तुझं चिकटवलेलं मात्र त्याला वाचावं लागलं. फरशीपर्यंत आल्यावर त्याने साहेबाला सांगितलं, की बहीण भावाला लिहिते आहे, आईची नीट काळजी घे म्हणून.

घरी न जाता तो बॅगेसकट हॉस्पिटलात आला. पत्र घडी करून सतीशच्या हातात दिलं, त्याच्याकडून आकडा विचारून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकोणीस हजार भरले. सतीशला तो एवढंच म्हणाला, की ताई घाबरल्या आहेत, रागावू नकोस. सतीश माझ्या पायाशी बसून रडला. मलाही रडू आलं, तुझ्यासाठी जास्त.

पावती सोबत आहे, शिक्क्याची. तुला हवी होती म्हणून पाठवते.

तू घाबरली होतीस हे मला कळतं, साठ हजार मीही विसरलेले नाही. पण ठेव उद्याच मोड आणि पैसे घेऊन संगमेश्वरला जा. कमी पडतील ते पाटल्या मोडून घाल, शर्वाणीला मी समजावेन. या वेळी बाहेरून बघून परत येऊ नकोस. कमरुद्दीनने घरी तुझ्या पत्रातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. शहरबानू तुला नव्या फरशीवर पाट देईल, माझी तब्येत विचारेल, चहा करेल. बसून घे.

हे पाकीट उघडंच येतंय. तुझ्यावरची माया होती तशीच आहे, तूही ती तशीच धरून राहा.

तुझी,
आई