स्पर्धेपुरती जागा

१३ जानेवारी १९७५

वार्तापत्र निघालं! सायक्लोस्टाइलची शाई अजून नखांत आहे. पहिल्या पानावर साहेबांचा संदेश आणि सही, दुसऱ्यावर बदल्या, लग्नं, बारशी. तिसरं पान माझं — 'टाकाऊतून टिकाऊ'. कामगार नाट्यस्पर्धेसाठी कंपनीचं नाटक बसतं आहे, नेपथ्य विकत आणायचं नाही, प्रत्येकाने घरातली एक निरुपयोगी वस्तू आणून द्यावी. 'आपली अडगळ हीच आपल्या रंगभूमीची संपत्ती!' हे वाक्य मला बसमध्ये सुचलं आणि उतरायचा स्टॉप चुकला.

यशवंतराव आमचे पर्सोनेल ऑफिसर. वाचून म्हणाले, "पद्माबाई, नाटक तेवढं नीट पार पाडा. मार्चअखेर तुमची तात्पुरती मुदत संपते, एक एप्रिलपासून तुम्ही कायम. वेलफेअर असिस्टंटची एकच जागा मंजूर आहे, ती तुमच्यासाठीच मोकळी ठेवलीय."

घरी, दिघीला, सांगितलं. आई म्हणाली, "कायम म्हंजी?" म्हटलं, कुणी काढू शकत नाही असं. आबा विडी विझवत म्हणाले, "झालीस तर चांगलंच. न्हाई तर राजगुरुनगरच्या पाव्हण्यांना होकार देतो. वैशाखात उरकून टाकू."

उरकून टाकू! घरातली पहिली बी.ए. मी. मला उरकणार!

२१ जानेवारी

वस्तूंचा पूर! लोलक हरवलेलं घड्याळ, पत्र्याचं कपाट, तोटी नसलेला पाण्याचा बंब, पाळणा. सगळं कॅन्टीनच्या मागच्या खोलीत. त्याच वार्तापत्रात साहेबांची सही होती, म्हणून लोकांना वाटलं हा हुकूमच आहे. पेंट शॉपमधल्या एकाने विचारलं, "बाई, नाही आणलं तर पगार कापतात का?" दुसऱ्याने सासऱ्यांचा मोठा फोटो आणला. म्हटलं, अहो, हा निरुपयोगी कसा? तो म्हणाला, "तुम्ही त्यांना भेटला नाहीत."

गेटवरचे वॉचमन सावळाराम, लष्करातून निवृत्त. त्यांनी स्वतःचा तीन पायांचा पलंग दिला. वर मला सॅल्यूटही केला. लोक किती चांगले असतात! फक्त कुणीतरी हाक द्यायला हवी.

३० जानेवारी

तालीम. नाटक टूलरूममधल्या प्रभाकरने लिहिलं आहे, तोच बसवतो आणि मुख्य काम — घरमालकाचं — तोच करतो. गोष्ट अशी: भाडं थकलं म्हणून घरमालक भाडेकरूचं सामान जप्त करायला येतो, शेवटी रिकामा पाळणा बघून त्याला पाझर फुटतो. प्रभाकर रडण्याची तालीम लेथवरही करतो. सुपरवायझरने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

११ फेब्रुवारी

अनर्थ!

सामान चिंचवडच्या हॉलवर हलवायचं म्हणून टेम्पो भरला. गेटवर सावळारामांनी काठी आडवी धरली.

"गेटपास?"

"अहो, ही आपली अडगळ!"

"भाईर जाणाऱ्या मालाला पास लागतो, बाई."

पासासाठी स्टोअर्समध्ये गेले. ते म्हणाले, माल आत आला तेव्हाचं चलन दाखवा. चलन कुठलं! घरून आणलेल्या पाळण्याचं चलन कोण करतं? मग हा माल कंपनीचा, असं स्टोअर्सचं म्हणणं. परत गेटवर.

"सावळाराम, तुम्हीच सगळं आत सोडलंत ना?"

"आत सोडाया पास न्हाई लागत. भाईर सोडाया लागतो."

"हा पलंग तुमचा आहे!"

ते पलंगाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "व्हता. आता मी ड्युटीवर हाय."

१४ फेब्रुवारी

मार्ग निघाला. चलनाशिवाय कंपनीबाहेर फक्त भंगार जाऊ शकतं. म्हणून आमच्या नेपथ्यासमोर भंगार समिती बसली — तीन अधिकारी, तीन चहा. पाळणा हलवून पाहिला. 'उत्पादनास निरुपयोगी' असा शेरा. सासऱ्यांच्या फोटोवर एकमत होईना, त्यांना चेहरा ओळखीचा वाटत होता. शेवटी तेही भंगार.

आणि भंगार झालं की ते कंत्राटदाराचं! भोसरीला नाशिक रस्त्यावर धर्माजींचं दुकान आहे, कंपनीचं सगळं भंगार तेच उचलतात. दुपारी त्यांचा ट्रक आला. सावळारामांनी पास बघितला, सॅल्यूट केला. माझं नाटक गेटबाहेर गेलं.

१६ फेब्रुवारी

धर्माजींकडे गेले. अंगात बंडी, डोक्याला टोपी, पाळण्यात बसून चहा पीत होते. मी रंगभूमी, कामगार, समाज — सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"न्या की समदं. भाडं बी नको. पर ताई, मला एक पार्ट पायजे."

"कसला?"

"त्यो घरमालकाचा. लोकांच्या घरातलं सामान उचलण्यात माझा जन्म गेलाय. तुमच्या त्या पोराला जमायचं न्हाई."

प्रभाकरला सांगितलं. तो सायकल तिथेच टाकून पायी निघून गेला.

२२ फेब्रुवारी

प्रभाकर परत आला. (सायकलसाठी आलो म्हणाला.) तालीम आता भंगाराच्या आवारातच. धर्माजींना वाचता येत नाही. मी वाक्य म्हणते, ते लगेच पाठ. पण भर घालतात.

"धर्माजी, पाळणा बघून इथे तुम्हाला रडायचंय."

"रडतो की. आधी वजन तर करू द्या."

२६ फेब्रुवारी

स्पर्धेचा नियम आत्ता कळला: नट कंपनीच्या हजेरीपटावर हवा. धर्माजी नाहीत. प्रभाकरला परत घ्यावं तर सामान धर्माजींचं! यशवंतराव म्हणाले, भरती बंद आहे, रिकामी जागा एकच —

बोलता बोलता थांबले.

मीच म्हणाले! "स्पर्धेपुरतं धर्माजींना माझ्या जागेवर दाखवा."

"अडचण अशी आहे, पद्माबाई, की जागा कायम आहे. कायम जागेवर तात्पुरता माणूस नेमता येत नाही. त्यांना कायमच नेमावं लागेल. तात्पुरतं."

मला समजलं. निदान तेव्हा समजल्यासारखं वाटलं. एका जागेपेक्षा नाटक मोठं. स्पर्धा झाली की ते राजीनामा देतील, मग मी. घरी काही बोलले नाही.

८ मार्च

प्रयोग झाला!

पहिल्या अंकात पडदा वर गेला आणि प्रेक्षकांतून बायका ओरडू लागल्या, "अगं, ते आपलं कपाट!" तिसऱ्या रांगेतून एक आजी उठल्या. ज्यांचा फोटो भिंतीवर होता, त्यांच्याच त्या पत्नी. थेट स्टेजसमोर आल्या. "अहो, तुम्ही इथं?"

मी विंगेत डोळे मिटले. तेवढ्यात धर्माजींची एंट्री. त्यांनी आजींना नमस्कार केला. "माई, भाडेकरूनं भाडं थकवलंय. पर ह्यांना मी जप्त करत न्हाई. घिऊन जा." फोटो उतरवून हातात दिला. हॉल टाळ्यांनी कोसळला. मग कपाटावर टिचकी मारून म्हणाले, "पत्रा बरा हाय, बिजागरी गेली." कपाटवाल्या बाईंनी खालून सांगितलं, "बिजागरी घरी आहे हो!" धर्माजी म्हणाले, "मग आणून लावा, गरिबाचं घर हाय." प्रभाकर विंगेत भिंतीला डोकं टेकून उभा.

आणि पाळणा. धर्माजींनी तो उचलला, वजन केल्यासारखा हातावर तोलला. काही बोलले नाहीत. किती वेळ! मग अलगद खाली ठेवला, एक झोका दिला आणि निघून गेले. रडले नाहीत. आम्हीच रडलो. प्रभाकरही.

११ मार्च

अभिनयाचं पहिलं बक्षीस धर्माजींना! साहेबांनी स्वतः हार घातला. "आमच्या कंपनीच्या कायम कर्मचाऱ्याने —" असं भाषणात म्हणाले. मीही टाळ्या वाजवल्या.

१८ मार्च

यशवंतरावांनी धर्माजींना राजीनामा मागितला. ते अंगठा उठवायला लगेच तयार. पण युनियनला कळलं — बक्षीस मिळवलेल्या कायम कामगारावर दबाव! दुपारी गेटसभा. "धर्माजी, तुम आगे बढो!" धर्माजी व्यासपीठावर हात जोडून सांगत होते, "आरं, मला जायाचंय!" लोकांना ते अभिनय वाटला. परत टाळ्या.

गर्दीत कुणीतरी माझ्या हातात झेंडा दिला. सभा संपेपर्यंत मी तो धरून होते.

३१ मार्च

शेवटचा दिवस. यशवंतराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसरी जागा मंजूर झाली की पहिलं नाव तुमचंच." कधी होईल ते त्यांना माहीत नाही. वार्तापत्रात माझ्या निरोपाची बातमी मीच लिहिली. नव्या वेलफेअर असिस्टंटना अजून लिहिता येत नाही.

आबांना सांगावंच लागलं. जागा कशी गेली तेही सांगितलं. आईने विचारलं, "तूच दिलीस? आपल्या हातानं?" आबा एवढंच म्हणाले, "उद्या राजगुरुनगरला जाऊन येतो."

दिवा मालवला. मग परत लावला आणि हे लिहिलं. रडायला येत नाहीये. तेही नीट जमत नाही मला.

३ एप्रिल

संध्याकाळी धर्माजी घरी आले. पँट घातलेली! ओसरीवर बसायचं कसं ते त्यांना सुचेना.

"आबा, मी रोज सकाळी आठला कार्ड पंच करतो. राजीनामा देऊ दीनात. मग दुकान कुणी बघायचं? ताईला द्या."

आबा उसळले. "बी.ए. झालेली पोरगी भंगारात बसवू? परवाच पाव्हण्यांना होकार देऊन आलोय!"

"मग त्यांना बी सांगा की. लपवायचं काय त्यात?"

आई चुलीपाशी होती. तिथूनच बोलली, "भाऊ, तिथं तिला कुणी काढंल का?"

"वैनी, माझं दुकान. कोण काढंल?"

आई बाहेर आली आणि धर्माजींच्या पुढ्यात चहा ठेवला. आबांना दिला नाही.

१० एप्रिल

राजगुरुनगरहून निरोप — भंगारात बसणारी मुलगी नको. आबा जेवले नाहीत. मी जेवून निघाले. दुकान उघडलं, काटा पुसला. एक गिऱ्हाईक पितळी समई घेऊन आलं. "मालक कुठायत?"

"कंपनीत गेलेत, ड्युटीवर. बोला माझ्याशी."